साळूच्या रक्ताचा कागद

छावणी, औरंगाबाद
१२ एप्रिल २०१४

प्रिय थोरली आई,

मी गिरजा. मल्हाररावाची आणि वच्छलाबाईची मुलगी. एवढ्यावरच हे पत्र बाजूला सारावंसं वाटलं तर तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुला आई म्हणायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. पण माझ्या आबांशी तुझं लग्न माझ्या आईच्या नऊ वर्षं आधी लागलं, आणि आमच्या वस्तीवर अशा बाईला थोरली आई म्हणतात, म्हणून म्हणते. आईला कुणी अहोजाहो करत नाही, म्हणून 'तू'ही म्हणते.

मी तुला एकदाच पाहिलंय. आजी वारली तेव्हा तू देवगाव रंगारीहून दहाव्याला आली होतीस. मी नऊ वर्षांची होते. तू मेंढवाड्याच्या काटेरी कुपाबाहेर उभी राहिलीस, आत कुणी ये म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. जाताना तू माझ्याकडं बघून हात पुढं केलास, बहुतेक गालावरून फिरवायला, आणि मी मागं सरकले. घरात मला शिकवलं होतं, "सारजाबाईची सावली घेऊ नको, चार लेकरं खाल्ली तिनं." तुझा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. तो प्रसंग मी कुणाला कधी सांगितला नाही, कारण सांगण्यासारखं त्यात मला तेव्हा काही वाटलंच नव्हतं.

मी आता इथं विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, हे शेवटचं वर्ष. लोक विचारतात, म्हणजे डॉक्टर होणार का? नाही. डॉक्टर एका माणसाचा आजार बघतो, आम्ही गावाचा बघायचा. कुणाला झाला, कुणाला नाही झाला, आणि का. आबांनी वस्तीवर सगळ्यांना सांगितलं होतं, "पोरगी मोठं शिकती हाय." कौतुक होतं त्यांना. ते कौतुक खरं होतं, म्हणून ते संपल्याचं आज जास्त लागतं.

गेल्या पावसाळ्यात इथं पाच दिवसांचा एक छोटा वर्ग होता, जनावरांपासून माणसांना होणाऱ्या रोगांचा. बहुतेक नोकरीतली माणसं होती, आरोग्य पर्यवेक्षक, गुरांचे डॉक्टर. विद्यार्थी आम्ही तिघंच. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या पशुवैद्यांनी मेंढ्या गाभडण्याच्या, म्हणजे दिवस भरायच्या आत गाभ पडण्याच्या रोगाबद्दल सांगितलं. ब्रुसेला म्हणतात त्याला. गाभडलेल्या मेंढीच्या, कोकरामागून पडणाऱ्या वारेत, पाण्यात, निरश्या दुधात त्याचे जंतू असतात. उघड्या हातांनी जो वीण करतो, वार ओढतो, त्याच्या अंगात ते शिरतात. मग संध्याकाळी ताप भरतो, पहाटे घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि खुबे धरतात. वर्षानुवर्षं माणूस म्हणतो, कामाचा शीण आहे. मी वही बाजूला ठेवली होती. मला आबांची वर्षानुवर्षं धरलेली कंबर दिसत होती. मी उठून विचारलं, सर, बाईचं पोटही पडतं का? ते म्हणाले, "पडू शकतं. पण आपल्याकडं तपासतं कोण? मेंढी गाभडली तर मालक मला बोलावतो. बाईचं पडलं तर तिलाच विचारतात, काय खाल्लं होतंस."

थोरली आई, तुझ्या लग्नानंतर वस्तीवरच्या सगळ्या विणी तू करायचीस हे मला आजीनंच सांगितलेलं आहे. अडलेलं कोकरू सारजाच्याच हाताला यायचं, असं ती म्हणायची, आणि पुढच्याच वाक्यात तुला शिव्या द्यायची. माझी आई आली ती मेंढ्या सोडून शेती धरलेल्या घरातून. तिला त्या वासानं उलटी यायची. तिनं कधी वारेला हात लावला नाही, निरसं दूध तोंडाला लावलं नाही. तिला आम्ही दोघं झालो, आधी मुंजाबा, मग मी. सगळे म्हणाले, पायगुण बघा. तुझी ती चार पोटातच का गेली हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही. इतक्या वर्षांनी तुझं रक्त काही बोलेल याची खात्री नाही. पण तुझ्या पायगुणानं गेली नाहीत, एवढं मला ठाऊक आहे.

आता साळूचं सांगते. साळू मुंजाबाची बायको. नात्यानं वहिनी, पण माझ्यापेक्षा वर्षानं लहान, म्हणून मी नावानंच हाक मारते. सहा वर्षांपूर्वी ती घरात आली आणि आल्यापासून अडलेल्या विणी तिच्याकडं आल्या. तिचाही हात चांगला होता. पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात पडलं, दुसरं पाचव्यात, तिसरं गेल्या दिवाळीत, तेही पाचव्यात. तिसऱ्या वेळी माझी आई तिच्याशी बोलायची थांबली. ताट समोर सरकवायची आणि तोंड फिरवायची.

मी माझ्या प्रबंधाला हाच विषय घेतला. वैजापूर तालुक्यातल्या मेंढपाळांच्या वस्त्यांवर जाऊन बासष्ट माणसांचं रक्त घेतलं. रक्त घेण्याआधी प्रत्येकाला एक कागद वाचून दाखवायचा असतो. तुमचं नाव, तुमचा निकाल तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. पहिल्या महिन्यात आम्हाला हेच शिकवलं, आणि हे मोडलं तर बाकी सगळं शिकलेलं फुकट, असंही शिकवलं. आमच्या घरी आबा म्हणाले, "मला काय झालंय?" मुंजाबा कळपामागं निघून गेला. साळूनं तेवढा दंड पुढं केला. तिला तो कागद मीच वाचून दाखवला.

निकाल आला तेव्हा तिच्या रक्तात तो रोग ठळक निघाला. आणि मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. मला वाटलं, पुरावा मिळाला. दुसऱ्याच दिवशी एसटीनं वस्तीवर गेले आणि जेवणं चालू असताना सगळ्यांसमोर कागद उघडून वाचला. तिला विचारलंसुद्धा नाही. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हणाले, हिचा दोष नाही, मेंढ्यांपासून आलंय, सहा आठवडे गोळ्या घेतल्या की बरं होतं. माझी आई म्हणाली, "म्हंजी तिच्या अंगातच हाय ना?" मी म्हणाले, आबांच्याही असेल, मुंजाबाच्याही, तपासू या. तिथंच बिघडलं. आबा ताटावरून उठले. "मेंढरांचं नाव घिऊ नको. त्येंच्या जिवावर शिकलीस तू. तिचं रगतच नासकं हाय, तुझाच कागद सांगतो." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला. मुंजाबा मान खाली घालून जेवत राहिला. साळूची भाकरी तव्यावर करपली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी बैठक बसली. साळूच्या बापाला बोलावलं. आजवर तिच्याविरुद्ध बोलायला त्यांच्याकडं फक्त पायगुण होता, आता शिक्क्याचा कागद होता. आबांनी तो चारचौघांत फिरवला. खाली सही माझी होती. मी उभी राहून ओरडले, तो कागद तिच्या बाजूचा आहे म्हणून. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "पोरी, लिव्हलंय ते लिव्हलंय." साळूला सोडायचं ठरलं. तिच्या बापानं दुसरी बायको केलेली आहे. तो पोरीला दोन दिवस ठेवून घेतो म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी तिला माझ्या खोलीवर आणून सोडून गेला. मुंजाबाचं दुसरं लग्न अक्षय तृतीयेनंतर ठरलंय. पोरगी कन्नड तालुक्याकडची, अठराची. कळप तोच आहे. विणी आता ती करेल. आबांना मी हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी मला कुपाबाहेरच थांबवलं.

मी इथं माझ्या सरांना सगळं सांगितलं. एका बाईचं गुपित मी फोडलं आणि त्यावर तिचा संसार मोडला, असं लेखी दिलं. प्रबंध थांबलाय. समितीपुढं जायचंय, वर्ष जाईल बहुतेक. जाऊ दे. खोलीची मालकीण महिनाअखेरीपर्यंत दोघींना राहू देते म्हणाली, त्यापुढं नाही. साळूनं अकरा दिवस गोळ्या घेतल्यात. ताप उतरलाय. पण ती बोलत नाही. परवा मी वर्गातून आले तर ती गच्चीच्या कठड्याला धरून खाली बघत उभी होती. मी हाक मारली, तेव्हा आली.

थोरली आई, तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. हे तुला वाचून दाखवते आहे ना, तुझ्या दारात बसून, ती साळू आहे. साळू, मी हे तुझ्याच हाती का दिलं ते तुला आता कळलं असेल. मागं तुझ्याबद्दल तुला न विचारता बोलले, म्हणून या वेळी तुझ्याबद्दलचा प्रत्येक शब्द तुझ्याच तोंडून जाऊ दे. नको वाटेल तिथं थांब. थोरली आई, मी स्वतः दारात आले नाही, कारण वच्छलाची पोर म्हणून तू दार लावलं असतंस आणि ते साळूवर आलं असतं. हिला तुझ्याकडं ठेवून घेशील का? दहावी झालेली आहे, कामाला वाघीण आहे. तिच्या पिशवीत एकतीस दिवसांच्या गोळ्या आहेत. लघवी लाल होईल, त्याला भिऊ नका, मध्ये बंद करू नका. आणि काही दिवस तिला विहिरीवर एकटी पाठवू नकोस. हे पण मोठ्यानं वाच, साळू. या जगात तिला काय झालं हे न सांगता कळेल असं तुझ्याशिवाय मला कुणी सुचलं नाही. नाही म्हणालीस तर मी काही म्हणणार नाही, फक्त तिला दोन घास खायला घालून पाठव. मी देवगावच्या फाट्यावर बसलेय. साळू परत आली तर दोघी शेवटच्या गाडीनं जाऊ. नाही आली, तर मी एकटी जाईन.

तुझीच म्हणायची हिंमत करणारी,
गिरजा