शिंदेचं उपग्रहाचं चित्र

सोलापूर, मंगळवार, १९७७

आज शिंदेचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. बोअरच्या जागा शोधत मी अकरा वर्षं सांगोला तालुका पायी तुडवला. हा चार महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि त्यानं टेबलावर उपग्रहाचं चित्र पसरलं. त्यातले रंग खरे नव्हेत: ऊस लाल, माळ राखाडी. साहेब वाकून बघतच राहिले. माझ्या नकाशांवर कधी वाकले असे?

चित्रात एका गावाशेजारी सरळ काळी रेघ होती. शिंदे म्हणाला, "ही भेग असावी. इथं पाणी लागेल." साहेबांनी बोअर तिथंच घ्यायचं ठरवलं. पण ती रेघ मी चालून पाहिली आहे. भेग कसली, जमिनीत उभी गेलेली, पाणी अडवणारी काळ्या दगडाची भिंत ती! तिथल्या एका म्हातारीनंच मला सांगितलं होतं, "दगडावर न्हाय बाबा, वरल्या अंगाला वल असती." तरी मी गप्प बसलो. का? त्याची फजिती व्हावी म्हणून. दुसरं काय?

घरी आलो, पण डोक्यात तेच गाव. बोअर कोरडं गेलं तर त्या गावाला पुन्हा टँकरच. शेवटी सायकल काढली, शिंदेची खोली गाठली आणि त्या रेघेचं सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बरं झालं, जाधवराव. मला वरून नुसती रेघ दिसते. उद्या साहेबांना तुम्हीच सांगा, चित्र मी धरतो."

एका शब्दानं विचारलं नाही की सकाळी का बोलला नाहीत. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.