ईप्सिताकडे निरखून पाहू नये

मी, कादंबरी सहस्रबुद्धे, वय चव्वेचाळीस, राहणार एर्लांगेन, जर्मनी, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण विचारांती माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. आज माझं मन ठिकाणावर आहे. येत्या मंगळवारी माझ्या मेंदूतल्या एका फुगलेल्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया आहे. त्यानंतरच्या मनाची हमी मला देता येत नाही. हे सगळं आधी टाइप केलं होतं. नोटार, म्हणजे इथले नोटरी, म्हणाले, घरी केलेलं मृत्युपत्र इथे पूर्णपणे स्वतःच्या हस्ताक्षरातच लागतं. म्हणून पुन्हा लिहिते आहे. अक्षर हललं असेल तर ते भीतीने.

१. माझी इथली बचत, आजीच्या पाटल्या आणि कोथरूडच्या फ्लॅटमधला माझा हिस्सा ईप्सिताला मिळावा. ईप्सिता ही माझा भाऊ हृषिकेश याची मुलगी. तिची आई आजारात गेली, हृषिकेश तुरुंगात गेला, तेव्हा मी तिला रीतसर दत्तक घेतलं. ती मला आत्याच म्हणते. मी कधी बदलायला लावलं नाही. माझी आई, प्रभा, हयात असेपर्यंत त्या फ्लॅटमध्ये राहील. तिला कोणी हलवू नये.

२. ईप्सिता सज्ञान होईपर्यंत तिचं पालकत्व इथे आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या लता आणि मयुरेश यांच्याकडे असावं. आईकडे नाही. आईला हे लागेल, म्हणून कारण लिहिते.

हृषिकेशने गाडी लावण्याच्या भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात पाना घातला. माणूस गेला. तेव्हापासून आमच्या घरात ईप्सिताच्या प्रत्येक हट्टाला एक वेगळा अर्थ आला. मी हिंसक वर्तन आणि जनुकं यांवर संशोधन करते, हे आईला नीट माहीत आहे. गेल्या दिवाळीत ती फोनवर म्हणाली,

"अगं, तुमच्या त्या मशीनमध्ये एकदा घालून बघ की पोरीचं."

"काय बघू?"

"हृषीसारखं आहे का ते. उगाच पुढे धक्का नको."

"आई, तसं नसतं ते."

"मग इतकी वर्षं तिकडे करतेस तरी काय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. हिंसेशी जोडल्या जाणाऱ्या त्या एका जनुकाचा परिणाम किती लहान असतो, आणि बालपण कसं गेलं यावर तो किती अवलंबून दिसतो, हे मी भरल्या सभागृहात समजावून सांगते. मग घरी येते आणि ईप्सिताने दार आपटलं की माझा हात चहाच्या कपावर थांबतो. शाळेत तिने एका मुलाला ढकललं, तेव्हा शिक्षिका म्हणाल्या, या वयात होतं. मी मात्र रात्रभर जागी होते.

३. म्हणून लता-मयुरेशना एकच अट. तिच्याकडे निरखून पाहू नये. तिचा राग हा राग म्हणूनच घ्यावा, लक्षण म्हणून नाही. मला हे जमलं नाही, लताला जमतं. ती सरळ म्हणते, "ए बाई, दार आपलंच आहे, हळू!" आणि पोळ्या लाटत राहते.

४. ईप्सिताची लाळ, रक्त किंवा केस कोणत्याही कारणाने वर्तनाच्या तपासणीसाठी देऊ नयेत. सज्ञान झाल्यावर तिला स्वतःला हवं असेल तर तिने खुशाल करावं.

५. प्रेशर कुकर लताला. त्याची शिट्टी तिनेच दोनदा बदलून आणली आहे.

६. ज्या सहकाऱ्याने माझ्या भावाचं कळल्यावर "म्हणजे घरबसल्या नमुना!" असं म्हटलं, त्याला माझी कोणतीही वस्तू देऊ नये. प्रयोगशाळेतली झाडंसुद्धा.

७. हे कलम खोडलं आहे. खाडाखोडीशेजारी सही केली आहे. त्यात लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेतून मी वाचले पण स्वभावाने बदलले, चिडकी किंवा मारकी झाले, तर ईप्सिताला माझ्यापासून दूर ठेवावं. सर्जनबाईंनी ही शक्यता सांगितली आहे. रक्तवाहिनीचा फुगा मेंदूच्या कपाळामागच्या, राग आवरणाऱ्या भागाजवळ आहे.

काल ईप्सिताला हे कलम वाचून दाखवलं. तिला मराठी समजतं, उत्तर ती जर्मनमध्येच देते.

"नाइन, नाही," ती म्हणाली. "तू ओरडलीस तर मीही ओरडेन."

"मी मारलं तर?"

"तर खाली लताकडे जाईन. आणि परत येईन." पुढे म्हणाली, "आल्झो, म्हणजे बघ, बाबांच्या वेळीही मला कोणी विचारलं नव्हतं."

खरं आहे. हृषिकेशला भेटायला तिला एकदाही नेलं नाही. आई म्हणाली नको, आणि मलाही ते सोयीचं वाटलं. दोघांना समोरासमोर बसलेलं पाहायची मला भीती होती. माझ्या डोक्यात काही बिघडलं तरी मी तिची आत्याच राहणार असेन, तर तोही तिचा बाप आहे.

८. म्हणून, ईप्सिता म्हणेल तेव्हा तिला कळंबा कारागृहात वडिलांना भेटायला न्यावं. आईने अडवू नये. भेटीत काय बोलायचं, किती वेळ बसायचं, ते तिने ठरवावं. मी राहिले तर मीच नेईन, मग माझा स्वभाव तेव्हा कसाही असो.

वरील मजकूर मी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने लिहिला आहे. इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. आईला लागतात, म्हणून घेतले.

सही: कादंबरी सहस्रबुद्धे

साक्षीदार:
समर्थ पेंढारकर, संशोधक विद्यार्थी (सही)
उर्जा टिकेकर, शेजारीण (सही)

स्थळ: एर्लांगेन
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५