घराची शांतता भरून घेतली तेव्हा

बुधवार, सकाळ

संघटनेच्या ताईंना छकुलीच्या आईचा नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. आम्ही आहोत.

ताई, माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. आधी भिंतीतला पाइप वाजायचा म्हणून, आणि आता तो वाजायचा थांबत चाललाय म्हणून. माझी शाळा चौथीपर्यंतच, लिहिणं गबाळं आहे, सांभाळून घ्या.

कारखान्याच्या पाण्यावर सिनेमा करायला तुम्ही कॉलेजची पोरं पाठवली, ती रविवारी आली. गुणी आहेत. लंबू कॅमेरा धरतो. ती मुलगी कानाला डबडी लावून आवाज भरते, तिला छकुली कानवाली म्हणते. मी सगळं सांगितलं. पाणी पिवळं येतं, पोरीच्या अंगावर चट्टे उठतात, आमच्या मजल्यावरची बाकी घरं सोडून गेली. पंपवाल्या काकांचंही सांगितलं. त्यांनीच ते पाणी बाटल्यांत भरून तुमच्याकडे आणलं आणि मग दिसेनासे झाले. लोक म्हणतात मुलीकडे गेले. मीही तेच म्हटलं.

मग कानवाली म्हणाली, "वहिनी, आता सगळं बंद करा. घराची शांतता भरून घ्यायचीय."

"शांतता कशाला गं?"

"प्रत्येक घराची वेगळी असते. सिनेमा जोडताना लागते."

"ने बाई. गरिबाच्या घरातून तेवढंच न्यायचं राहिलं होतं."

लंबू हसला. मी टीव्ही बंद केला, पंखा बंद केला. आमच्याकडे हल्ली दोन्ही दिवसभर चालू असतात. नवऱ्याने बजावून ठेवलंय, बंद करायचे नाहीत. मला वाटलं, असेल हौस.

सगळे गप्प बसलो. आणि पाइप वाजला. ठण ठण. मग थांबून, ठण.

तुम्हाला माहीत आहे ते. पाणी सोडायच्या आधी काका पान्याने पाइपवर असंच वाजवायचे, बायकांनी बादल्या लावाव्यात म्हणून. छकुली उठली, आपला मग घेऊन मोरीत नळाखाली जाऊन बसली. "काका आले," म्हणाली. पाणी काही आलं नाही. ती रोजच तशी बसायची आणि मी ओरडायचे, कोरड्या नळाशी काय करतेस म्हणून. मोरीत तिला ऐकू येत होतं. मला टीव्हीच्या आवाजात येत नव्हतं.

कानवाली वैतागली. "पाइप मध्येच वाजतोय. परत घेऊ." परत तेच. शेवटी तिने नाद सोडला. "पलीकडे कोण राहतं?"

"कुणी नाही. ती खोली बंद आहे."

बंद आहे हे खरं. कुलूप कुणाचं ते मी सांगितलं नाही.

पोरं गेल्यावर मी चमच्याने पाइपवर वाजवून बघितलं. पलीकडून लगेच आलं, ठण ठण ठण ठण, थांबेचना. मी काय करावं? मी पंखा लावला आणि टीव्ही मोठा केला.

ताई, माझा नवरा वाईट नाही. कारखान्याच्या साहेबाची गाडी चालवतो, साहेब सांगेल ते करतो. कुलूप त्याचं आहे. आत कारखान्याचं सामान आहे म्हणाला होता. तेव्हापासून एक डबा जास्तीचा मागायचा, वॉचमनसाठी. मी माझ्या हाताने भरायचे. दात नसलेल्याला देतात तसं मऊ करून दे म्हणायचा. आमच्या वॉचमनला दात आहेत, ताई. काकांना नाहीत.

त्याच रात्री जेवताना छकुली त्याला म्हणाली, "बाबा, काका नुसतं वाजवतात, पाणीच सोडत नाहीत."

त्याने घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसला, किती तरी वेळ. मला म्हणाला, "उद्यापासून जास्तीचा डबा नको."

तेव्हापासून पाइप हळू वाजतो. पान्यासारखा नाही, नखाने वाजवल्यासारखा.

माझा फोन दुरुस्तीला म्हणून नेलाय. जाताना बाहेरून कडी घालतो, पोर जिन्यावरून पडेल म्हणतो. आणि आज संध्याकाळी तिला साहेबाच्या गाडीतून फिरायला नेणार म्हणे. तिला एकटीलाच. ती सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसलीय.

पोरांचा तीन पायांचा स्टँड इथे राहिलाय. दुपारी न्यायला येतील, पण दारात उभा राहून तोच देणार. म्हणून हे स्टँडच्या पिशवीत, वायरींच्या खाली घालते. ताई, उत्तर पाठवू नका. माणसं घेऊन या, एकट्या येऊ नका.

तुमच्या भरवशावर बसलेली,
छकुलीची आई, तिसरा मजला

हे ताईंऐवजी दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं, तर वाचणाऱ्याने माझ्या दादाला फोन करावा. नंबर मागे लिहिलाय. नवऱ्याला करू नका, तो फार गोड बोलतो. दादाला म्हणावं, आधी छकुलीला उचल, मग शेजारचं कुलूप तोड. तुम्ही कोण का असेना, संध्याकाळ व्हायच्या आत दादाला फोन करा.