अन्सेल्मोचं डोळे मिटलेलं चित्र

आदरणीय एडुविनाताईस,

तुझ्या धाकट्या एर्मिंदाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, हॉस्पिटलच्या धुलाईघरात अजून उभ्यानंच काम करावं लागतं का, भावोजींचा खोकला गेला की नुसता लपलाय, सगळं कळव. पत्र आणणारी मुलगी पालोमा. तिला आत घे, गरम काहीतरी दे (साखर जास्त घाल, राजधानीतली आहे). तिच्याजवळची बटाट्याची टोपली चुलीपाशी ठेव, फार जवळ नको, आणि उघडायची घाई करू नकोस. आमच्या पोराबद्दल, अन्सेल्मोबद्दल, धक्क्यावर काही ऐकलं असशील तर रडत बसू नकोस. आधी वाच. मी शाळेत गेले न गेले सारखंच, त्यामुळं मला सरळ सांगता येत नाही, एकातून दुसरं निघत जातं.

यंदा उन्हाळ्यात आमच्या बेटापुढं समुद्र तपासणाऱ्यांची बोट येऊन राहिलीय. दिवसभर बाटल्यांत पाणी भरतात. (दोन्या क्लोरिंदा, म्हणजे माझी सासू, म्हणते, यांच्या गावाला पाणी नसेल बिचाऱ्यांच्या.) त्यांचं म्हणणं, पाण्यात तांबडं विष आलंय. नाव तांबडं, पण पाणी आपलं नेहमीसारखं हिरवंगार, मग कोण मानणार? डोळ्यांना न दिसणारा एक जीव असतो म्हणे. तो शिंपल्यांच्या पोटात जातो, शिंपल्यांना काही होत नाही. शिंपले आपण खातो. मग ओठ बधिर, मग हात, मग श्वास. उकळून जात नाही, लिंबानं जात नाही. हे आमच्यासारख्यांना कळावं म्हणून पालोमाला आणलेलं, ती चित्रं काढते. तिनं तो जीव काढला, चिलखत घातलेला, दोन शेपट्यांचा, बघून हसूच येतं. शिंपला काढला, ताट काढलं, गळा धरून बसलेली बाई काढली, आणि सगळं चर्चच्या भिंतीवर ओळीनं लावलं. चित्रं इतकी सुंदर की लोक सहकुटुंब बघायला आले, आणि घरी जाऊन त्यांनी शिंपलेच शिजवले. ताटाचं चित्र बघून भूक लागली म्हणे.

माझ्या नवऱ्याला तू ओळखतेस. नोल्बेर्तो तोंडात हवेची नळी धरून खाली जातो आणि खडकावरचे शिंपले काढतो, त्याच्यापुढं शिंपल्याला नाव ठेवायची सोय नाही. त्यानं शिंपल्याच्या चित्राला नाक लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हा आपला नव्हे. हा पलीकडच्या किनाऱ्यावरचा, दोरीवर वाढवलेला. तुळतुळीत आहे बघा, नवरदेवासारखा. आपल्या शिंपल्याला खडक धरायची दाढी असते." सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. पालोमानं इतकं नेमकं काढलं, ताई, की विष आपोआप पलीकडच्या किनाऱ्याचं झालं.

त्यानंतर म्हातारे बेलार्मिनो गेले. दुपारी ताटभर शिंपले खाल्ले, ओठांना मुंग्या आल्या तर सगळ्यांना बोलावून सांगत बसले की आज माझ्याआधी माझे ओठच झोपले. लोक हसले. मीही हसले. मग त्यांना पेला धरता येईना, आणि हॉस्पिटलला न्यायची बोट सुटायच्या आधीच छाती हलायची थांबली. गाव म्हणालं, वय झालं होतं, शिवाय दारू. पण मी त्यांचे ते ओठ बघितलेत. तेव्हापासून मला घास गिळवत नाही, कारण दोन्या क्लोरिंदाला सवय आहे, शिंपला स्वतः चावून मऊ करायचा आणि बोटानं अन्सेल्मोच्या तोंडात घालायचा. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला काय दगड चारून वाढवलं मी?" भांड्यात तिचा चांदीचा चमचा असतो, विष असलं तर तो काळा पडतो. (तो चमचा माझ्या लग्नाच्या आधीपासून काळाच आहे.)

म्हणून मी पालोमाकडं गेले, म्हटलं, यांना पटेल असं काढ. ती म्हणाली, मग तुमचंच घर काढते. आमची चूल काढली, चमचा काढला, दाढीवाले शिंपले काढले, आणि भरवायचं पोर म्हणून अन्सेल्मो. धुतलेला असा त्याचा बारशाचा पांढरा झगाच होता. तो स्थिर बसेना म्हणून मी त्याला कमरपट्ट्यानं खुर्चीला बांधला, तर तिथंच झोपला, मान कलती करून. पालोमाला रंग हवा होता, तिनं मागं चर्चमधली कागदी फुलं टांगली. मी खुर्ची धरून वाकलेली, मला समोरून दिसलंच नाही. चित्र धक्क्यावर लागलं.

तुझ्या लक्षात आलं असेल. आपल्याकडं पोराचं चित्र म्हणा, फोटो म्हणा, निघतो तो एकदाच, पोर गेल्यावर. पांढरा झगा, खुर्ची, कागदी फुलं, मिटलेले डोळे. आईच्या पलंगावर आपल्या थोरल्या भावाचा टांगलेला आहे तसा.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर बाहेर बायका. मेणबत्त्या, साखर, भाकऱ्या, गिटारवाला गवईसुद्धा. मी तोंड उघडायच्या आत पहिलीनं मला मिठी मारून हंबरडा फोडला, आणि मलाही रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, थांबेचना. झालं, गावाची खात्री पटली. बायका आत घुसल्या आणि चुलीवरचं शिंपल्यांचं भांडं नेऊन समुद्रात ओतलं. मग आपापल्या घरी गेल्या आणि आपापली भांडी ओतून आल्या. आता तरी सांगावं म्हणून मी डोळे पुसले, तेवढ्यात दोन्या क्लोरिंदा तिच्या घरून आली आणि उंबऱ्यातच खाली बसली. म्हणाली, "मी भरवलं. काल. तू नको म्हणालीस तरी, घरामागं नेऊन, ह्या बोटानं."

ताई, मी कशी धावले मला माहीत नाही. अन्सेल्मो मागच्या खोलीत बटाट्याशी खेळत होता. पण त्याच्या मागं मागं फिरून त्यानं थुंकलेलं टिपणारी आमची पिवळी कोंबडी मागच्या दारात पाय ताठ करून पडली होती. सकाळी मला वाटलेलं, म्हातारी झाली. पोरानं शिंपला थुंकला होता. त्याला चव आवडली नाही, एवढ्यावर तो वाचला.

तिथं उभ्या उभ्या मला कळलं, की पोराला आता बाहेर नेलं तर सगळे देवाचे आभार मानतील आणि म्हणतील, बघा, ह्यानं खाल्ला आणि काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत गावजेवण, आणि त्यात शिंपले. कोंबडीला कोण विचारतो? ती कशानंही मरते. म्हणून मी बाहेर येऊन सांगितलं, पोराला बोटवाले तपासायला घेऊन गेले. कोणी एक शब्द विचारला नाही. ते लोक सगळंच बाटलीत भरून नेतात, हे गावानं बघितलंय. नोल्बेर्तोला खरं सांगितलं. त्यानं कोंबडी पुरली, पुरताना टोपी काढली, आणि हवेची नळी गुंडाळून माळ्यावर टाकली.

तुझीच,
एर्मिंदा

ता.क. टोपली आता उघड. त्याला बटाटा कुस्करून दे, शेवयांची पेज दे, समुद्रातलं काही देऊ नकोस. पाणी स्वच्छ झालं असं बोटवाले म्हणेपर्यंत ठेवून घे. कमरपट्टा टोपलीतच आहे, तो हातात असल्याशिवाय झोपत नाही.

ता.क. दोन्या क्लोरिंदा चित्रापुढून उठत नाही, काही खात नाही. तिला सांगावंसं फार वाटतं. पण ती आनंदानं आधी गावाला सांगेल. ती अशीच बसली तर मी काय करू, हेही कळव.

ता.क. नाही, काही कळवू नकोस. इथं पत्रं चर्चचा घंटावाला वाचून दाखवतो. पोरगा जिवंत असताना त्याच्या नावानं मेणबत्त्या जळताहेत, मला फार भीती वाटते, ताई. नुसतं एका शिंपल्याचं चित्र काढून पाठव. अन्सेल्मोचं बरं असेल तर मिटलेला, जिवंत असतो तसा. स्वतःच काढ, पालोमाला काढायला लावू नकोस, नाहीतर नोल्बेर्तो म्हणेल हा आपला नव्हे. आणि त्याला दाढीही काढ.