सवत मुकी झाली तो आठवडा

सोमवार, २६ सप्टेंबर

मुकी झाली. काल संध्याकाळपर्यंत बोलत होती, आज सकाळपासून एक शब्द नाही.

त्रायानच्या कॉम्प्युटरमधली, पडद्यावरचं वाचून दाखवणारी बाई. साखरेनं त्याचे डोळे गेले त्याला आठ वर्षं झाली, आणि त्यातली सहा तो हिच्याच तोंडून जग ऐकतोय — वर्तमानपत्र, पत्रं, सगळं. कानांवर जाडजूड हेडफोन आणि माझ्याकडे पाठ. मी तिला सवत म्हणते. तो हसतो. मी ते पूर्ण चेष्टेत म्हणत नाही, हे त्याला ठाऊक नाही.

कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते जुनं लिनक्स फार थकलं होतं. म्हणून त्याची पुतणी बिल्याना काल स्कोप्येहून आली, सगळं पुसून नवंकोरं लिनक्स घातलं. बाई दोन वाक्यं बोलली, बिल्यानानं माझ्याबरोबर चार मिरच्या सोलल्या आणि सहाची बस गाठली. आज पहाटे मी आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला अंगणात चूल पेटवली. तासाभरानं आत आले तर हा हेडफोन हातात धरून बसलेला. "फ्रोसा, ही बोलत नाही."

बिल्यानाला फोन केला. "असं कसं काकू? माझ्या कानांनी ऐकलं मी! तिच्या आवाजाच्या फायलींचा फोल्डर आहे का बघ." मी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं, फोल्डर मला काय कळणार. शेवटी त्रायान एकेक अक्षर सांगत गेला आणि मी एका बोटानं टाइप करत गेले. काळ्या पडद्यावर उत्तर आलं — असा फोल्डर नाही.

"सामान हलवताना एखादी पेटी मागे राहतेच," तो म्हणाला. मला वाटलं होतं आदळआपट करेल. केली नाही. देवा, तुझे उपकार.

मंगळवार, २७ सप्टेंबर

क्रूसाच्या सणाचा उपास. त्यात बाजाराचा दिवस. बाजारात गेलेच नाही, दिवसभर खुर्चीला खिळून.

त्याच्या अंधसंघाचं पत्रक शुक्रवारी निघायलाच हवं. प्रांतभरातून पत्रं येतात, हा त्यांना उत्तरं देतो आणि ती छापतो. अकरा वर्षांत एकही अंक चुकलेला नाही असं तो म्हणतो. सुरुवातीची तीन वर्षं डोळे शाबूत असताना, छापखान्यातल्या नोकरीबरोबर. बाई मुकी, म्हणजे आता वाचणारी मी आणि लिहिणारीही मीच.

धडेही झाले. वरचा बाण दाबला की आधी टाइप केलेली ओळ परत येते, पुन्हा दाबला की तिच्याही आधीची. "आणि आर, एम ही दोन अक्षरं ओळीच्या सुरुवातीला कधी लिहायची नाहीत." का? "ती पुसून टाकतात. विचारत नाहीत, परत देत नाहीत." मी म्हटलं, तुझ्या आईसारखी. फार दिवसांनी पोट धरून हसला.

एक पत्र स्तोयना नावाच्या बाईचं. गेल्या हिवाळ्यात दृष्टी गेली. विचारते, सुईत दोरा कसा ओवायचा? त्रायान म्हणाला, "याचं उत्तर तू दे."

मी डोळे मिटून बसले. सुई, दोरा. वीस मिनिटं! "डोळे उघडे आहेत तुझे," तो म्हणाला. नाहीत म्हटलं. "आहेत. श्वासावरून कळतं." लबाडी पकडली गेली. मग पुन्हा मिटले आणि हातांना आठवलं — दोरा सुईवर दुमडायचा, दुमड चिमटीत गच्च धरायची, सुई काढून घ्यायची आणि तिचं नेढं त्या चिमटीवर दाबायचं. गेला! मी लिहिलं, खाली माझं नाव घातलं. माझं नाव याआधी कुठं छापून आलं नव्हतं.

डोळे मिटून एक सुई ओवताना माझा जीव मेटाकुटीला आला. हा माणूस आठ वर्षं रोज दाढी करतो, कॉफी ओततो, आणि मी त्याच्या पाठीवर रागावते.

बुधवार, २८ सप्टेंबर

एकोणीस पत्रं. वाचून वाचून घसा बसला. त्यानं स्वतः उठून मधाचा चहा करून दिला, थेंब सांडला नाही.

गुरुवार, २९ सप्टेंबर

हे फक्त इथं लिहिते.

त्रायान न्हाव्याकडे गेला होता. बिल्यानाचा फोन आला. "काकू, ही एक ओळ लिहून घे. इंटरनेटवरून तो फोल्डर पुन्हा येईल, दोन मिनिटांत बोलायला लागेल. माझ्याच घाईनं झालं असणार गं, काकाला सांग माफ कर म्हणून." मी लिहून घेतलं. अक्षर न् अक्षर तपासून घेतलं.

तो आला, गाल गुळगुळीत, कोलोनचा वास. "बिल्यानाचा फोन?"

"नाही," मी म्हटलं.

चिठ्ठी आयवारच्या बरणीखाली ठेवली. आंधळ्या नवऱ्याचे डोळे मी बरणीखाली लपवले आहेत. ती पोर तिकडं स्वतःला दोष देतेय. आणि मी कशासाठी? तर संध्याकाळी वाचताना तो मधेच "थांब, ते पुन्हा वाच" म्हणतो, त्यासाठी. आपली खुर्ची माझ्याकडे वळवून बसतो, त्यासाठी. लाज वाटते. तरी चिठ्ठी तिथंच आहे.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

पत्रक गेलं! दुपारी चारला. शेवटची ओळ त्यानं सांगितली: या अंकासाठी डोळे फ्रोसाचे. मी म्हटलं, हे छापू नकोस. म्हणाला, संपादक कोण आहे?

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू नसतीस तर हा अंक बुडाला असता." उद्या चिठ्ठी काढायची. पाच दिवस मिळाले, वर आणखी मागणं म्हणजे हावरटपणा.

शनिवार, १ ऑक्टोबर

न्याहारी झाल्याबरोबर सांगितलं, बिल्यानाचा फोन गुरुवारीच आला होता, मी लपवलं. तो म्हणाला, "हं," एवढंच. मग म्हणाला, "कर."

ओळ टाइप केली. पडद्यावर अक्षरं भराभर धावली, आणि बाई बोलली. अगदी पूर्वीसारखी, नाकातून.

"आली," तो म्हणाला. आधी खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. मग हेडफोन घातले.

मी बरण्या पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. तक्रार नाही. त्याला सबंध जग परत मिळालं, मला पाच दिवस मिळाले. बिल्यानाला फोन करून आभार मानले आणि सांगितलं, तुझी काही चूक नव्हती, असेल कुणाचीतरी.

रविवार, २ ऑक्टोबर

ती दुरुस्तीची ओळ वहीत उतरवून ठेवावी म्हणून सकाळी बसले. पुढं कधी लागली तर. तो बाहेर उन्हात बसला होता. वरचा बाण दाबत गेले. माझी कालची ओळ. मग माझ्या सोमवारच्या ओळी, चुकांनी भरलेल्या. आणखी एकदा दाबला, आणि एक ओळ आली जी माझी नाही. बिल्यानाचीही नाही, तिच्या ओळी त्याच्याही वर आहेत. एकही चूक नाही. सुरुवातीला आर आणि एम, पुढं बाईच्या आवाजाच्या फोल्डरचं नाव.

सोमवारी पहाटे मी चुलीपाशी होते. घरात एकटा तोच होता.

चिठ्ठी बरणीखाली परत ठेवली, लागेल तेव्हा आहेच. मग त्याचीच ओळ पुन्हा चालवली आणि अंगणात गेले. म्हटलं, "त्रायान, पुन्हा मुकी झाली रे."

"नव्या घरात असंच होतं," तो म्हणाला, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "वर्तमानपत्र आण."