फोवेतच्या चालीने न्यावे

मी, तेओद्यूल वार्निये, घोडदळाचा निवृत्त जनरल, वय सहासष्ट, राहणार ल्युनेव्हिल, शरीराने मोडलेला पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. मी लोहाराच्या पोटी जन्मलो. आधी घोड्यांना नाल ठोकले, मग त्यांच्यावर बसलो आणि इटलीपासून मॉस्कोपर्यंत सम्राटासाठी लढलो. बापाचा हातोडा आणि माझी तलवार मुलगा इपोलित याला. दोन्ही एकाच खिळ्याला टांगावीत.

२. कर्नल द ब्रेसाक यांना माझ्या बुटांच्या टाचांना लावायच्या आरा द्याव्यात. वोक्लेरच्या लढाईतला हल्ला आपणच चढवला, असे ते अजून सांगत फिरतात. त्या दिवशी ते इतके मागे होते, की बहुधा घोड्याला टोचायलाच काही नसावे.

३. घर इपोलितचे, पण एका अटीवर. माझी आंधळी घोडी फोवेत आपल्या मरणाने मरेपर्यंत तबेल्यात राहील. तिला खाटकाकडे धाडली, तर घर आंब्रोआज किफेरचे. हा माझा जुना बिगुलवाला, आता तिची निगा राखणारा मोतद्दार.

घोडदळातल्या अधिकाऱ्याच्या शवपेटीमागे रिकाम्या खोगिराचा घोडा चालवतात, रिकिबीत बूट उलटे घालून. माझ्यामागे फोवेत चालेल म्हटल्यावर इपोलित म्हणाला, "बाबा, भाड्यानं एखादा काळा घोडा आणू. ही म्हातारी रस्त्यात बसली तर लोक हसतील!"

किफेर तिला खरारा करत होता. म्हणाला, "धाकटे मालक, वोक्लेरला ही बसली असती, तर तुम्हाला पुरायलाही बाप सापडला नसता."

खरे आहे ते. गोळी लागून मी पडलो, पलटण पुढे गेली आणि ही दिवस मावळेपर्यंत मला चार पायांमध्ये घेऊन उभी राहिली. शत्रूचे स्वार दोन्ही बाजूंनी गेले; मला कोणी तुडवले नाही. तेव्हा फोवेतच चालेल. बाकी सर्वांनी, मंत्री आले तर त्यांनीही, तिच्या चालीने चालावे.

४. कबरीपाशी हल्ल्याचा बिगुल वाजवू नये. ती आंधळी धावत सुटेल. पण एरवी मला सोडून ती हलणार नाही, याचीच मला खरी काळजी आहे. म्हणून माती लोटल्यावर किफेरने छावणीतला संध्याकाळचा बिगुल वाजवावा, ज्यावर स्वार उतरतात, खोगीर निघते आणि घोड्यांना दाणा मिळतो. तिला कळेल, मी उतरलो. तिने घरी जावे.

सही: तेओद्यूल वार्निये

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली:
डॉ. सिल्व्हँ मारोल
फादर जेर्व्हे कोलाँ

ल्युनेव्हिल, ९ नोव्हेंबर १८३४