अक्काचा गुळाचा काढा

नांदेड,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मंजूअक्का,

शरणु शरणार्थी. अप्पांनाही सांग. फोन असून पत्र काय लिहून राहिला, म्हणशील. फोनवर नुसत्या आवाजावरून माझं दुखणं तुला लगेच कळतं, म्हणून.

माळेगावच्या जत्रेला गेलो होतो. काय घोडे, अक्का! एक पांढरा तर नवरदेवापेक्षा जास्त मिरवत होता. असो. तिथून ताप-खोकला घेऊन नांदेडला आलो. अंग नुसतं तवा.

अमरेश माझ्यासोबत मंडप बांधतो, एकाच खोलीत राहतो. त्याला म्हणलं, डॉक्टर-बिक्टर नको, आमच्या अक्काचा काढा कर. सुंठ, मिरे, तुळस आन् मूठभर गूळ. अव्वा गेल्यावर आईच्या जागी तूच; ताप आला की चुलीपाशी बसवून पाजायचीस. तिखट लागला म्हणून मी तोंड फिरवलं की अजून एक खडा टाकायचीस. "घे रे साखऱ्या!" सगळ्या देवणी गावात तेच नाव पडलं. शाळेत हजेरीला खरं नाव घेतलं की मीच मागं वळून बघायचो, हा कोण म्हणून.

तर प्यालो. तहान जाईना, म्हणून अजून प्यालो. लघवीला सारखं पळणं. अमरेश म्हणला, "आबे, माणूस हाय का रांजण?" मग उलट्या सुरू झाल्या, तसं त्यानं मला रिक्षात घातलं.

दवाखान्यात सिस्टरनं बोट टोचलं. मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"शुगर हाय, माहीत न्हवतं?"

"आमच्या अप्पांना हाय. मला न्हाई."

"बापाला असली की पोरानं तपासून घ्यायची असती."

डॉक्टर म्हणले, आधीपासून आत असणार, फ्लूच्या तापानं भडकली. आन् शुगर चढली की फ्लू बी लवकर सोडत न्हाई. काढ्याचं सांगितलं, तर हसले न्हाईत.

तू मनाला लावून घेऊ नको. तू पाजायचीस तवा मला काहीच न्हवतं. आता बरा हाय. पण अप्पांना फ्लूची लस देऊन आण. ताप आला, जेवण गेलं, म्हणून ते शुगरची गोळी मनानं बंद करतील, तसं करू देऊ नको. आधी डॉक्टरला विचार.

अजून एक. मला आता रोज इन्सुलिनचं इंजेक्शन हाय. बाटल्या थंड ठेवाव्या लागतात, आन् खोलीत नुसता माठ. तुझ्या फ्रिजात, दुधाच्या पातेल्याशेजारी, जागा होईल का? बाटल्यांसोबत मी बी येईन. ह्या बारीला लगेच पळणार न्हाई.

काढा कर. गूळ घालू नको. हाक मात्र त्याच नावानं मार.

तुझा, आता खरोखरचा,
साखऱ्या